सीबीसीटीवर कवटीचे लँडमार्क लावताय? मग रिलायबिलिटी कशी तपासायची ते पायरी पायरीनं

एमडीएसला (दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर कोर्सला) ऑर्थो नाहीतर ओरल रेडिओलॉजी मिळालं की काही महिन्यांत सिनॉप्सिसचं, म्हणजे थिसिसच्या आराखड्याचं, टेन्शन सुरू होतं, आणि सांगली, मिरज, कराड कुठंही विचारा, दर बॅचमध्ये कुणीतरी सीबीसीटीवर (डोक्याच्या थ्रीडी एक्स-रे स्कॅनवर) कवटीचे लँडमार्क (मापं घ्यायला कवटीवर ठरवलेले बिंदू) हा विषय घेतलेलाच असतो. विषय चांगला आहे, स्कॅन मिळतात, सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण बरेच जण थेट माऊस हातात घेऊन पॉइंट लावायला बसतात आणि रिलायबिलिटीचं, म्हणजे तोच पॉइंट परत लावला की त्याच जागी येतो का याचं, बघू नंतर म्हणतात, आणि शेवटी स्टॅटिस्टिशियनकडं शीट पाठवून "आयसीसी काढून द्या" एवढंच सांगतात. आयसीसी (दोन वेळच्या मापांचा मेळ सांगणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला मानतात) ०.९८ आला की खूश. हा लेख त्यांच्यासाठी आहे, कारण माझं मत असं की रिलायबिलिटी हा एक आकडा नसतोच, प्रत्येक लँडमार्क आपापल्या दिशेनं चुकतो आणि ती दिशा कळल्याशिवाय तुमच्या कुठल्याच अँगलवर विश्वास ठेवता येत नाही.

थ्रीडीत नक्की काय बदललं

१९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफराथ यांनी वेगवेगळं काम करून सेफॅलोमेट्री (एक्स-रेवर कवटीची मापं घेण्याची पद्धत) मांडली, आणि तेव्हापासून आपल्या बहुतेक लँडमार्कच्या व्याख्या बाजूनं काढलेल्या एका सपाट फिल्मसाठी तयार झाल्या. सपाट फिल्मवर डावं-उजवं एकमेकांवर पडतं, मॅग्निफिकेशन येतं, कानात घालायच्या इअर रॉडमुळं पोरिऑन (कानाच्या भोकाचा वरचा बिंदू) झाकला जातो. सीबीसीटीनं हे सगळे त्रास काढून टाकले हे खरंच. पण त्याबरोबर एक तिसरी दिशा आली, डावी-उजवी, आणि जुन्या व्याख्येत त्या दिशेबद्दल एक अक्षरसुद्धा नसतं. "ऑर्बिटेल म्हणजे डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेचा सगळ्यात खालचा बिंदू" एवढंच पाठ असतं, आता ती कड सपाट वळणाची असते, तिच्यावर सगळ्यात खालचा म्हणजे नाकाकडचा की गालाकडचा हे प्रत्येकजण आपल्या अंदाजानं ठरवतो आणि दोन माणसांत सहज दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो.

स्कॅन निवडताना

पहिलं म्हणजे फक्त थिसिससाठी पेशंटचा नवीन स्कॅन काढायचा नाही, कुणी कितीही म्हणालं तरी. सेंटरमध्ये उपचारासाठी आधीच काढलेले स्कॅन असतात, तेच एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन वापरायचे. मोठ्या फील्ड ऑफ व्ह्यूच्या (स्कॅनमध्ये जेवढा भाग येतो त्याच्या) सीबीसीटीचा डोस मशीन आणि सेटिंगप्रमाणं काही दहा मायक्रोसिव्हर्टपासून कित्येक शे मायक्रोसिव्हर्टपर्यंत जातो, साध्या लॅटरल सेफच्या (बाजूनं काढलेल्या सपाट एक्स-रेच्या) मानानं तो खूपच जास्त आहे.

मग फील्ड ऑफ व्ह्यू बघा. इम्प्लांटसाठी काढलेले स्कॅन ढिगानं मिळतील पण त्यात खालचा जबडा आणि थोडा वरचा एवढंच असतं, नेझिऑन (नाकाच्या मुळाचा बिंदू) नाही, सेला (कवटीच्या तळातल्या पिट्युटरीच्या खड्ड्याचा मध्य) नाही, पोरिऑन तर नाहीच, ते आपल्या कामाचे नाहीत. कपाळाच्या खालच्या भागापासून हनुवटीखालपर्यंत आणि मागं कानाच्या भोकापर्यंत सगळं आलेलं पाहिजे. तोंड मिटलेलं, दात दातावर बसलेले पाहिजेत, नाहीतर खालच्या जबड्याचे सगळे पॉइंट वरच्याच्या हिशेबानं खाली-मागं सरकलेले असतात. पेशंट हलला असेल तर हाडाची कड दुहेरी दिसते, असा स्कॅन सरळ बाजूला ठेवा. जत, आटपाडीकडून येणाऱ्या वयस्कर पेशंटच्या तोंडात बऱ्याचदा जुन्या धातूच्या कॅप असतात, त्याच्या रेषा सगळ्या दातांवर पसरतात. अशा स्कॅनमध्ये सेला, नेझिऑन बरोबर मिळतील पण दातांचे पॉइंट आणि कधीकधी ए पॉइंटसुद्धा (वरच्या जबड्याच्या पुढच्या खोलगट वळणाचा) घेऊ नका. निवडीचे नियम आधी लिहून ठेवा, स्कॅन बघत बघत बनवू नका.

नाव काढणं हे पण इथंच. डायकॉम फाईलच्या (स्कॅन ज्या प्रकारात सेव्ह होतो त्या) आत पेशंटचं नाव, जन्मतारीख, सेंटरचं नाव सगळं लिहिलेलं असतं, फोल्डरचं नाव बदललं म्हणजे काम झालं असं नव्हे. आणि एक गोष्ट फार कमी जण सांगतात, हेडर (फाईलमधली ही माहिती) साफ केलं तरी सॉफ्ट टिश्यूचं थ्रीडी रेंडर काढलं की पेशंटचा चेहरा ओळखू येतो. म्हणून ते फोल्डर व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा उघड्या ड्राइव्ह लिंकवर फिरवायचं नाही, कोड नंबर देऊन एका कॉम्प्युटरवर ठेवायचं.

डोकं सरळ करणं

ही पायरी लोक दोन मिनिटांत उरकतात आणि खरी गडबड इथंच होते. आपल्या निम्म्या व्याख्यांत "सगळ्यात खालचा", "सगळ्यात वरचा", "सगळ्यात पुढचा" असे शब्द आहेत. खालचा म्हणजे कशाच्या हिशेबानं खालचा? स्कॅनमध्ये डोकं जसं पडलंय त्याच्या. डोकं तिरकं झालं की सगळ्यात खालचा बिंदूच बदलतो. हिशेब साधा आहे: हाडाच्या वळणाची त्रिज्या १० मिमी असेल आणि डोकं ५ अंश कललं तर खालचा बिंदू त्या वळणावर सुमारे ०.९ मिमी सरकतो, आणि वळण जितकं पसरट तितका तो जास्त सरकतो. म्हणजे तुमचा हात अगदी स्थिर असला तरी जवळजवळ एक मिलिमीटर गेला.

बहुतेक जण फ्रँकफुर्ट प्लेन (पोरिऑन आणि ऑर्बिटेलमधून जाणारी पातळी) घेतात, १८८० च्या दशकात मानववंश शास्त्रज्ञांनी फ्रँकफुर्टला ठरवलेला. तो घ्यायला हरकत नाही पण त्यात एक गोल फिरणारा पेच आहे. प्लेन ठरवायला ऑर्बिटेल लागतो आणि ऑर्बिटेल सगळ्यात खाली कुठं आहे हे ठरवायला प्लेन लागतो. यावर मी मुलांना असं सांगते की आधी अंदाजे पॉइंट लावा, डोकं सरळ करा, मग ते पॉइंट पुसून नव्यानं लावा आणि परत एकदा सरळ करा. दुसऱ्या वेळेला फारसं हलत नाही.

थ्रीडी स्लायसर वापरत असाल (सॉफ्टवेअर फुकट आहे, रिसर्चसाठी मस्त आहे, पेशंटच्या उपचाराचा निर्णय मात्र त्यावर घ्यायचा नाही) तर ट्रान्सफॉर्म्स मॉड्यूलमध्ये फिरवून घ्या, हार्डन करा (फिरवणं पक्कं करा) आणि सरळ केलेला व्हॉल्यूम (थ्रीडी स्कॅन) वेगळ्या नावानं सेव्ह करा. मग दोघा ऑपरेटरना (पॉइंट लावणाऱ्यांना) तोच सेव्ह केलेला व्हॉल्यूम द्या. प्रत्येकानं आपापलं डोकं सरळ केलं तर शेवटी आलेला फरक लँडमार्कचा का डोकं फिरवण्याचा हे कुणालाच सांगता येणार नाही. डोकं सरळ करण्यातली चूकसुद्धा मोजायची असेल तर ती वेगळी मोजा, चांगलाच विषय आहे तो.

व्याख्यांचा तक्ता

सगळ्या लेखात एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. एक एक्सेल शीट उघडा, प्रत्येक लँडमार्कपुढं स्कॅनच्या तीन कापांचे (बाजूचा, समोरचा आणि आडवा, याच क्रमानं) तीन रकाने: सॅजिटलमध्ये कुठं, कोरोनलमध्ये कुठं, अ‍ॅक्सियलमध्ये कुठं. तिन्ही भरल्याशिवाय पुढच्या लँडमार्ककडं जायचं नाही.

सेला घ्या. हा पॉइंट हाडावर नाहीच, खड्ड्याच्या मधोमध हवेत आहे असं समजा. सॅजिटलवर सगळ्यांना येतो, पण डावं-उजवं कुठं? तर कोरोनल आणि अ‍ॅक्सियलमध्ये खड्ड्याच्या रुंदीचा मध्य, असं लिहा. नेझिऑन म्हणजे कपाळाचं हाड आणि नाकाची हाडं जिथं मिळतात त्या शिवणीवरचा पुढचा बिंदू, अ‍ॅक्सियलमध्ये मधल्या रेषेवर. तो बहुतेकांना नीट जमतो. पॉगोनिऑन (हनुवटीचा सगळ्यात पुढचा बिंदू), मेंटॉन (तिचा सगळ्यात खालचा) वर-खाली किंवा पुढं-मागं बरे येतात पण हनुवटी सपाट, रुंद असेल तर डावीउजवीकडं भरकटतात, म्हणून तिथं मध्य कसा धरायचा ते लिहा.

ए पॉइंट आणि बी पॉइंट वरच्या आणि खालच्या जबड्याच्या पुढच्या खोलगट वळणाच्या तळाशी आहेत. पुढं-मागं चूक कमी येते, वर-खाली जास्त, कारण तळ लांबट सपाट असतो आणि त्याच्यावर दोन मिलिमीटर वर काय खाली काय, खोली जवळपास तीच.

आणि गोनिऑन. खालच्या जबड्याचा मागचा कोपरा, पण कोपरा म्हणावं असं तिथं काही नाही, नुसतं गोल वळण आहे. शेताच्या बांधासारखं समजा, माणूस बांधावर उभा आहे हे लांबून कळतं, पण नेमका कुठल्या खुंटाजवळ ते कळत नाही. गोनिऑनची चूक अशी हाडाच्या कडेनं लांबट पसरते, कडेला आडवी फार थोडी. कॉन्डिलिऑनचंही (खालच्या जबड्याच्या सांध्याकडच्या गोल टोकाचा, म्हणजे कॉन्डाईलचा, बिंदू) थोडं तसंच, कॉन्डाईलचा आकार माणसागणिक वेगळा आणि "सगळ्यात वरचा" का "वरचा-मागचा" यावर पुस्तकांचंही एकमत नाही, तुम्ही एक ठरवा आणि लिहा. लँडमार्कगणिक चुकीचा आकार वेगळा असतो हे बॉमरिंड आणि फ्रँट्झ यांनी १९७१ सालीच साध्या सेफवर दाखवलं होतं, थ्रीडीत ते अजून ठळक दिसतं.

प्रत्यक्ष पॉइंट लावणं

रंगीत थ्रीडी कवटी स्क्रीनवर आली की तिच्यावरच क्लिक करायचा मोह होतो. करू नका, म्हणजे तिच्यावर फक्त जागा शोधा, पक्का पॉइंट तिथं लावू नका. ती कवटी थ्रेशोल्डवर (किती पांढऱ्याला हाड म्हणायचं त्या मर्यादेवर) बनलेली असते आणि थ्रेशोल्ड थोडा वर नेला की पातळ हाड गायबच होतं. एएनएसचं (नाकाखालच्या हाडाच्या काट्याचं) टोक, खोबणीची पातळ जागा, वरच्या जबड्याची पुढची भिंत, हे सगळं आधी जातं. शिवाय सीबीसीटीचे ग्रे आकडे साध्या सीटीच्या हाऊन्सफिल्ड आकड्यांसारखे भरवशाचे नसतात, त्यामुळं एका मशीनवर ठरवलेला थ्रेशोल्ड दुसऱ्यावर चालेलच असं नाही.

ऑर्बिटेल लावताना मी मुलांना शेजारी बसवून दाखवते ते असं. व्हॉल्यूमवर खोबणीच्या खालच्या कडेवर अंदाजे एक पॉइंट टाकायचा. मग शिफ्ट दाबून माऊस त्याच्यावर न्यायचा, की तिन्ही स्लाइस त्याच जागी येतात. बऱ्याचदा इथं दिसतं की तुमचा पॉइंट हाडावर नाहीच, कडेच्या थोडा मागं हवेत गेलाय, कारण क्लिकची खोली सॉफ्टवेअरनं आपल्या मनानं धरली. कोरोनलमध्ये कड सगळ्यात खाली कुठं आहे ते बघून पॉइंट तिथं ओढायचा, मग सॅजिटलमध्ये बघायचं की तो कडेच्या माथ्यावर आहे का खोबणीच्या आत उतरलाय, मग अ‍ॅक्सियल. अ‍ॅक्सियलमध्ये सरकवला की कोरोनल परत बघायचा, कारण एकात हलवलं की दुसऱ्यातलं बिघडतं. तिन्हीत एकदम बरोबर दिसला की पुढं. सुरुवातीला एकेका पॉइंटला बराच वेळ लागतो, लागू दे.

विंडो-लेव्हल (चित्राचा उजळपणा आणि कॉन्ट्रास्ट) सगळ्या स्कॅनला एकच ठेवा. खिडकीसमोर, दुपारच्या उजेडात स्क्रीनवर चमक येत असेल तर पडदा ओढा, पातळ हाडाची कड उजेडात दिसत नाही. आणि मोठ्या फील्डच्या स्कॅनचा व्हॉक्सेल (थ्रीडी चित्राचा सगळ्यात लहान ठोकळा) साधारण ०.३ ते ०.४ मिमी असतो हे लक्षात असू द्या. सॉफ्टवेअर तीन दशांश स्थळांपर्यंत आकडा दाखवतं, त्याच्यावर जाऊ नका, मूळ चित्रातच एवढा बारकावा नाही.

खऱ्या स्टडीआधी काही वेगळे स्कॅन सरावाला घ्या आणि दोघं ऑपरेटर एकत्र बसून भांडा. भांडाच म्हणते मी, कारण सरावातलं भांडणच तक्ता सुधारतं. "अगं हा काय गोनिऑन, केवढा खाली गेलाय" "मग तू मागच्या कडेला धरलायस ना, मी खालच्या" असं झालं की लगेच तक्त्यात ओळ वाढवायची. सराव संपला की तक्ता बंद, नंतर एक शब्दही बदलायचा नाही, आणि त्याच्यापुढं दोघींनी त्या विषयावर बोलायचं पण नाही. एकजण सांगलीत आणि दुसरी कराडला असेल तर रात्री फोनवर "तू पोरिऑन कुठं धरलास" हे विचारलं की दोन स्वतंत्र ऑपरेटर उरले नाहीत.

दुसऱ्यांदा लावणं

तीच व्यक्ती तेच स्कॅन परत लावते. मध्ये निदान दोन आठवडे जाऊ देत, स्कॅनचा क्रम बदला, कोड बदलले तर अजून चांगलं, आणि पहिल्या वेळची फाईल उघडी ठेवायची नाही. एका बैठकीत किती स्कॅन करायचे ते ठरवून घ्या, ओपीडी संपवून रात्री सलग ढीगभर स्कॅन उरकले की शेवटच्या स्कॅनचे पॉइंट थकलेल्या डोळ्यांचे असतात. सबमिशनची तारीख जवळ आली म्हणून दुसरी फेरी दुसऱ्याच दिवशी उरकणारे असतात, त्यात तुम्ही फक्त तुमची आठवण मोजता.

फाईल सेव्ह करताना अ‍ॅक्सिसच्या खुणा तपासा. स्लायसर आतून एक पद्धत वापरतो आणि फाईल लिहिताना दुसरी, त्यात डावी-उजवी आणि पुढची-मागची या दोन्ही दिशांची चिन्हं उलटी होतात. दोन ऑपरेटरची सॉफ्टवेअर किंवा व्हर्जन वेगळी असतील तर एक पॉइंट हातानं पडताळून बघा, नाहीतर फरक अफाट मोठा येईल आणि तुम्ही उगाच जोडीदाराला दोष द्याल.

आता आकडे

प्रत्येक लँडमार्कसाठी दोन वेळच्या खुणांतला फरक तिन्ही दिशांत वेगळा काढा, डावं-उजवं, पुढं-मागं, वर-खाली. तिन्ही मिळून जे सरळ अंतर येतं तेही द्या पण नुसतं तेच नको, कारण ते कायम धन असतं आणि त्यात दिशा हरवते.

डालबर्गचं सूत्र (हाताची चूक मिलिमीटरमध्ये सांगणारं) सोपं आहे, फरकांचे वर्ग करा, बेरीज करा, स्कॅनच्या संख्येच्या दुपटीनं भागा, वर्गमूळ काढा. समजा पाच स्कॅनवर ए पॉइंटचा वर-खाली फरक ०.४, ०.६, ०.२, १.० आणि ०.८ मिमी आला. वर्गांची बेरीज २.२०, भागिले १० म्हणजे ०.२२, वर्गमूळ साधारण ०.४७ मिमी. बरं दिसतंय. पण हे पाचही फरक एकाच दिशेचे असतील, म्हणजे दुसऱ्या वेळी प्रत्येक वेळा तुम्ही वरच लावला असेल, तर सरासरी ०.६ मिमीचा कल आहे तुमचा, आणि डालबर्ग तो वेगळा दाखवत नाही. म्हणून सरासरी फरक त्याच्या खुणेसकट बघा आणि ब्लँड-ऑल्टमनचा आलेख (दोन मापांतला फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडणारा) काढा, १९८६ पासून तो त्याच कामासाठी वापरात आहे.

आता आयसीसी. सूत्रात स्कॅन-स्कॅनमधला फरक वर असतो, आणि खाली तोच फरक अधिक चूक. समजा तुमची चूक २ मिमी आहे. डोकं सरळ न करता, मशीनमध्ये जसं पडलं तसे कोऑर्डिनेट घेतले, आणि पेशंटच्या बसण्यामुळं ते स्कॅन-स्कॅनमध्ये २० मिमीनं पसरलेत. दोन्हीचे वर्ग घ्या, ४०० भागिले ४०४, आयसीसी ०.९९. आता सगळी डोकी एकाच रेफरन्सला आणली, पसारा ३ मिमी उरला. ९ भागिले १३, म्हणजे ०.६९. हात तोच, चूक तीच २ मिमी, आणि कू आणि ली यांच्या २०१६ च्या निकषांनी पाहिलं तर एक "उत्कृष्ट", दुसरा "मध्यम". हे कळकळीनं सांगावंसं वाटतं कारण या ०.९९ वर पुढं कुणीतरी सर्जरीचं प्लॅनिंग करणार असतं. आयसीसी द्या, कुठल्या प्रकारचा तेही लिहा (दोन ऑपरेटर असतील तर टू-वे आणि अ‍ॅब्सोल्यूट अ‍ॅग्रीमेंट), पण मिलिमीटरशिवाय एकटा देऊ नका.

किती मिलिमीटर चालेल? बऱ्याच ठिकाणी १ मिमीच्या आत बरं आणि २ मिमीच्या पुढं वाईट असं धरतात, ऑटोमॅटिक ओळखणारी सॉफ्टवेअरसुद्धा २ मिमीचीच पट्टी लावतात. मी म्हणते तुमच्या मापाला विचारा. नेझिऑनपासून ए पॉइंट ५५ ते ६० मिमीवर असतो, म्हणजे ए पॉइंट पुढं-मागं १ मिमी चुकला की एसएनए (सेला-नेझिऑन-ए पॉइंट हा कोन) साधारण १ अंशानं हलतो, आणि एएनबीचा (ए पॉइंट-नेझिऑन-बी पॉइंट या कोनाचा) नॉर्मलच २ अंश आहे. तोच ए पॉइंट वर-खाली २ मिमी चुकला तर एसएनए जेमतेम हलतो, कारण तो नेझिऑनकडून येणाऱ्या रेषेवरूनच खाली-वर सरकला. पण वरच्या जबड्याची उभी उंची मोजत असाल तर तीच २ मिमी चूक सगळी तुमच्या मापात उतरते.

एआयनं पॉइंट लावून देणारी सॉफ्टवेअर आता सेंटरमध्ये आली आहेत, वापरा, पण ती माणसांनी लावलेल्या पॉइंटवरच शिकलेली असतात. २०१५ च्या आयएसबीआय (मेडिकल इमेजिंगची परिषद) स्पर्धेतल्या ४०० सेफवर १९ लँडमार्क दोन डॉक्टरांनी लावले होते आणि ते दोघेही सगळीकडं जुळत नव्हते. म्हणून एआयचा पॉइंटसुद्धा तीन स्लाइसमध्ये उघडून बघायचा, आणि गोनिऑन, कॉन्डिलिऑन आधी बघायचे.

थिसिसमध्ये प्रत्येक लँडमार्कची एक ओळ, त्यात तिन्ही दिशांची चूक, कल आणि मग आयसीसी, असा तक्ता द्या. एखादा लँडमार्क खूपच वाईट आला तर लपवू नका, त्या मापातून काढून टाका किंवा प्रत्येक स्कॅनवर दोनदा लावून सरासरी घ्या. सरासरीनं हाताची आपसूक होणारी चूक जवळपास ०.७ पट होते, कल मात्र तेवढाच राहतो, त्याला तक्त्यातली व्याख्याच परत लिहावी लागते.